गाडगेबाबांचा खराटा आणि मोशीचा डोंगर

वर्षातून दोनदा, २३ फेब्रुवारीला आणि २० डिसेंबरला, सरकारी कचेऱ्यांना गाडगेबाबांची आठवण होते. तसबिरीला हार पडतो, साहेब मंडळी हातात कोरा करकरीत झाडू घेतात, आधीच झाडून ठेवलेला रस्ता पुन्हा झाडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याच दिवशी पहाटे पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमधून आमच्या आया-बहिणी नेहमीप्रमाणे खराटा आणि पोते घेऊन बाहेर पडलेल्या असतात. त्यांचा फोटो कोणी काढत नाही. गाडगेबाबांच्या नावाने चाललेल्या स्वच्छतेत आणि गाडगेबाबांच्या स्वच्छतेत नेमका काय फरक आहे, हे समजून घ्यायचे तर त्या माणसाचे आयुष्य पुन्हा एकदा मुळापासून वाचले पाहिजे. आमच्या चळवळीतील तरुणांसाठी आज आम्ही तेच करणार आहोत.

देबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे खरे नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव या खेड्यात परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. गावाचे मळलेले कपडे धुणे हा जातीने नेमून दिलेला धंदा. बाप झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेला. आई सखुबाई लहानग्या देबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. तिथे देबूने गुरे राखली, औत हाकले, मामाच्या शेतात घाम गाळला. शाळेचे तोंड त्यांना पाहता आले नाही. अक्षरशत्रू ठेवलेल्या बहुजनाचे पुढे काय होते, हे त्यांनी घरातच पाहिले. सावकाराने मामाची जमीन कागदावर घशात घातली. कागदात काय लिहिले आहे हे मामाला वाचता आले नाही. त्या धक्क्याने मामा गेला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण देबूजी त्यांच्यासमोर उभे ठाकले आणि त्यांनी त्यांना पिटाळून लावले. शिक्षण नसले की माणूस कसा नागवला जातो हा धडा त्यांना इथे मिळाला. पुढे आयुष्यभर ते शिक्षणाचा आग्रह का धरीत राहिले, याचे उत्तर या शेतात आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू घालण्याचा रिवाज होता. ज्या दारूने बाप नेला ती दारू आपल्या दारात वाटायची नाही, असे ठरवून त्यांनी पंगतीला गोडाचे जेवण वाढले. जातभाई चिडले, ते बधले नाहीत. बंड घरापासून सुरू झाले, व्यासपीठ नंतर आले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटके गाडगे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा. ज्या गाडग्यात भाकर खायची तेच डोक्यावर पालथे घालायचे. लोक गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलात घसरत नदीत उतरत असत. बाबांनी तिथे आधी स्वतः खपून वाट नीट केली आणि १९०८ साली लोकवर्गणीतून घाट उभा केला. पुढची पन्नास वर्षे त्यांचा हाच क्रम राहिला. गावात शिरायचे, कोणाशी न बोलता गटारी आणि उकिरडे साफ करायला लागायचे, लोक लाजून मदतीला आले की त्यांच्या हाती खराटा द्यायचा, आणि रात्री त्याच लोकांना कीर्तनाला बसवायचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री डोकी झाडायची. पशुबळी, नवससायास, कर्ज काढून केलेली लग्ने, दारू, शिवाशीव, या सगळ्या घाणीवर रात्रीचा खराटा चाले. पायावर डोके ठेवायला येणाऱ्याला ते जवळ फिरकू देत नसत. शिष्य केला नाही, गादी स्थापन केली नाही.

कीर्तनाची त्यांची रीत जगावेगळी होती. पोथीतले श्लोक म्हणून दाखवण्याऐवजी ते समोरच्या माणसांना साधे प्रश्न विचारीत. उत्तर लोकांनीच द्यायचे. चार-पाच उत्तरे झाली की आपल्याच उत्तरांनी आपण पकडले गेलो आहोत, हे लोकांच्या लक्षात येई. निरक्षर माणसाने निरक्षर समाजाला विचार करायला शिकवण्याची ही पद्धत होती. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ साली बाबांचे चरित्र लिहिले. सनातन्यांशी उभी हयात भांडलेल्या लेखकाला या माणसात आपला माणूस दिसला, यात नवल नाही.

आता येऊ या आमच्या भागाकडे. देहू आणि आळंदी ही दोन गावे आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीने वेढलेली आहेत. बाबांच्या काळात ती इंद्रायणीकाठची छोटी तीर्थक्षेत्रे होती. यात्रा भरली की लाखो पाय येत, आणि यात्रा उठली की उष्ट्या पत्रावळी आणि माणसांची घाण मागे राही. बाबा पंढरपूर, देहू, आळंदीला जात ते या मागे राहिलेल्या घाणीसाठी. देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा देवळाबाहेरचे वाळवंट त्यांना महत्त्वाचे वाटे. गोरगरीब वारकऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही हे पाहून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला कोणी दारात उभे करीत नव्हते, म्हणून तिथे चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा उभी राहिली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमा झाले, पण त्यातला छदाम त्यांनी स्वतःच्या घराकडे वळू दिला नाही. सगळे विश्वस्तांच्या हवाली. बाबा भाकर मागून खात राहिले.

आमच्या वाचकांना बाबांचे मोठेपण सांगायला एक घटना पुरेशी आहे. १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर देशाचे कायदेमंत्री असताना मुंबईत आजारी गाडगेबाबांना भेटायला गेले. त्याच सुमारास पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. जिथे वारकरी उतरत तिथे आमची मुले शिकावीत, हा त्यामागचा हेतू. विठ्ठलनामाचे कीर्तन करणाऱ्या माणसाने आपली वास्तू धर्मांतराची घोषणा केलेल्या नेत्याच्या हाती विश्वासाने सोपवली. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण रोग एकच ओळखलेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी डोळे मिटले.

बाबांचे चरित्र इथे संपते, आणि त्यांच्या नावाचा वापर इथून सुरू होतो. २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी ते जोमाने चालवले. लोकसहभागातून हजारो गावे झाडून निघाली, शौचालये झाली. हे चांगलेच झाले आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण बाबांचा दिवसाचा खराटा सरकारने उचलला आणि रात्रीचा खराटा कोपऱ्यात ठेवून दिला. बक्षिसाच्या यादीत गटारीला गुण होते. गावचे गटार कोणत्या जातीच्या हाताने उपसले जाते, हा प्रश्न त्या अभियानाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले. तिथे बोधचिन्हाला गांधीजींचा चष्मा लागला आणि फोटोसाठी झाडू आणखी लांबले.

इथे आंबेडकरी चळवळीने एक भेद लख्ख डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे. गाडगेबाबांनी खराटा स्वेच्छेने उचलला. त्यांच्या जातीकडे धुणे होते, झाडणे नव्हते. म्हणूनच त्यांच्या हातातला खराटा हे सवर्ण गावाला लाजवणारे शस्त्र ठरले. महार, मांग, मेहतर, रुखी यांच्या हातातला खराटा मात्र जन्माने दिलेला आहे. तो टाकून देण्याची मुभाच त्यांना नव्हती. भंगीकामाला पुण्यकर्म म्हणून गौरवणाऱ्या गांधीवादी भूमिकेवर बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात कोरडे ओढले आहेत. गरिबाला त्याच्या गुलामीचा अभिमान वाटायला लावणे ही फसवणूक आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. त्याआधी १९३५ साली त्यांनी मुंबई महापालिकेच्या कामगारांची संघटना उभारली होती, कारण झाडणाऱ्याला गौरवापेक्षा पगार, रजा आणि संघटनेची गरज असते. गाडगेबाबांनी मालकांच्या हाती झाडू दिला, बाबासाहेबांनी कामगारांच्या हाती संघटना दिली. ही दोन्ही कामे एकत्र धरली तरच शहराचा कचरा नीट समजतो.

१९४८ साली संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे खरे रूप उघडे केले आणि आमच्या माणसांना शहराची वाट दिसली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, इथून जवळच, देहूरोडला बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. आमच्या लोकांनी कारखान्याचा भोंगा आणि बुद्धाची वंदना एकाच वेळी ऐकली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका झाली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठलेली हजारो कुटुंबे पुणे परिसरात आली. ज्यांना कारखान्याच्या फाटकातून आत घेतले नाही, त्यांतल्या पुष्कळ बायकांनी कचराकुंडी गाठली. खेड्यात उकिरडा नेमून दिलेला होता, शहरात तो पोटासाठी पत्करावा लागला.

बाबांच्या काळचा कचरा म्हणजे शेण, राख, पालापाचोळा, पत्रावळी. तो उकिरड्यात कुजे आणि खत होऊन शेतात जाई. खराट्याने झाडून एका जागी लोटला की काम होत असे. आजच्या शहराचा कचरा तसा नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये रोज हजार टनांहून अधिक कचरा निघतो. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओला असतो, बाकी प्लॅस्टिक, कागद, काच, पत्रा, कपडे, लंगोट, औषधे. हे सगळे एकाच डब्यात पडले की ओल्याने सुके नासते आणि सुक्याने ओले कुजत नाही. ढिगाखाली हवा पोचत नाही, तिथे मिथेन वायू तयार होतो आणि ढीग पेट घेतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी विहिरीत आणि ओढ्यात उतरते. एप्रिल २०२२ मध्ये मोशीच्या डेपोला लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली, ती उगीच नाही.

मोशीचा हा डेपो सुमारे ८१ एकरांवर पसरलेला आहे. १९९१ च्या सुमारास तिथे कचरा पडू लागला, तेव्हा मोशी गाव महापालिकेत नव्हते. ते १९९७ साली आले. म्हणजे शहराने आपली घाण आधी वेशीबाहेर टाकली आणि मग वेस पुढे सरकवली. गावगाड्यातही घाण वेशीबाहेर आणि घाण काढणाराही वेशीबाहेर, हाच नियम होता. पुढे पुनावळ्याला दुसरा डेपो नियोजित होता. रहिवाशांनी जोरदार विरोध केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळात तो रद्द करण्याची घोषणा झाली. आपल्या दारात कचरा नको असे म्हणण्याचा हक्क सर्वांना आहे. पण आपल्या घरातला कचरा आपल्याच घरात वेगळा करण्याचे कर्तव्य किती जणांनी पत्करले? आणि पलीकडे चाकणच्या पट्ट्यात तर आणखी वेगळी तऱ्हा. मोटारींचे जगप्रसिद्ध कारखाने आले, कामगारांच्या चाळी उठल्या, चाकणला २०१५ साली नगरपरिषद झाली. पण भोवतालची कारखान्यांची गावे ग्रामपंचायतीच राहिली. लाख लोकवस्तीचा कचरा खेड्याच्या घंटागाडीने उचलायचा म्हटले की तो रस्त्याच्या कडेला पडतो आणि तिथेच जाळला जातो. आणि या साऱ्यामधून वाहणारी इंद्रायणी, जिच्या काठी बाबांनी झाडू मारला, ती सांडपाणी आणि कारखान्यांच्या पाण्याने आळंदीत फेसाळलेली दिसते.

१ ऑगस्ट २०२३ रोजी मोशीच्या वीजनिर्मिती प्रकल्पाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. रोज सुमारे ७०० टन कचरा जाळून १४ मेगावॉट वीज, असा त्याचा हिशेब. डोंगर वाढू नये यासाठी काही उपाय हवाच, हे आम्हाला मान्य आहे. पण भट्टीत सगळ्यात चांगले जळते काय? कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक. आणि कचरावेचक बाईच्या पोत्यात भाकरीच्या किमतीला जाते काय? तेच. ओला कचरा जळत नाही; त्याचे खत किंवा बायोगॅसच व्हायला हवा. म्हणजे वर्गीकरण नीट झाले नाही तर भट्टीचे पोट भरायला आमच्या बायकांचे पोट रिकामे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली भागातील हजारो बेकायदा बांधकामे महापालिकेने पाडली. त्यांत भंगाराची गोदामे मोठ्या संख्येने होती. बेकायदा बांधकामाला आणि तिथे लागणाऱ्या आगींना आम्ही पाठीशी घालत नाही. पण शहराचे भंगार कुठेतरी निवडले, दाबले, विकले जाणारच. त्यासाठी कायदेशीर जागा आधी दिली असती, तर बुलडोझर नंतर लागला नसता.

दुसरी वाट नाही असे नाही. १९९३ साली पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांची साथ तिला होती. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, त्यातही बहुसंख्य दलित. त्यांनी आधी ओळखपत्र मिळवले, मग भंगारवाल्याच्या काट्यावर नजर ठेवली, मग मुलांना शाळेत घातले. २००८ साली स्वच्छ या वेचकांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला आणि घरोघरी जाऊन कचरा उचलण्याचे काम हक्काने घेतले. कुंडीत वाकणारी बाई दारात उभी राहून ओला-सुका वेगळा मागू लागली. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे बंधनही स्थानिक संस्थांवर घातले. कागदावर हे सारे आहे. बाबांचा मामा कागद वाचता न आल्याने नागवला गेला. आमच्या कार्यकर्त्यांना कागद वाचता येतो, मग ते वाचून महापालिकेच्या दारात का जात नाहीत?

बाबांच्या तोंडी आम्ही आमचे शब्द घालणार नाही. पण त्यांची प्रश्न विचारण्याची रीत उचलायला हरकत नाही. कंत्राटी सफाई कामगाराला पूर्ण किमान वेतन हातात मिळते का? हातमोजे आणि बूट वर्षभर पुरतात का? भविष्यनिर्वाह निधी त्याच्या नावावर जमा होतो का? कायम कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशींनी नोकरी मिळते. पण त्या वारसाला खराटाच का, शिकला असेल तर लेखणी का नाही? कंत्राट कोणाच्या नावावर आणि झाडू कोणाच्या हाती? कंत्राटदाराची जात कोणती आणि कामगाराची कोणती? ही उत्तरे लोकांकडूनच येऊ द्यावीत.

येत्या २० डिसेंबरला प्रत्येक वॉर्डातील आमच्या मंडळांनी हारतुऱ्याचा खर्च वाचवावा. सकाळी आपल्या विहाराभोवतीचा आणि सोसायटीतला कचरा आपल्या हाताने ओला-सुका वेगळा करावा आणि त्या कामाला शेजारच्या बंगल्यातल्या माणसालाही बोलवावे. झाडण्याचे काम एका जातीचे नाही हे दाखवण्याचा बाबांचा मार्ग तोच होता. दुपारी वस्तीतल्या वेचक आणि कंत्राटी कामगारांची यादी करून, त्यांच्या वेतनाच्या चिठ्ठ्या तपासून, निवेदन आयुक्तांच्या टेबलावर ठेवावे. चाकणच्या कार्यकर्त्यांनी तेच ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत करावे. आणि रात्री, बाबांच्या कीर्तनाच्या वेळेला, त्या कामगारांच्या मुलांच्या फीची आणि वह्या-पुस्तकांची वर्गणी मांडावी. चोखामेळा धर्मशाळा ज्या हेतूने आमच्या संस्थेकडे आली, तो हेतू अजून पुरा व्हायचा आहे.